कोळंबी ग्रेडरचा काउंट सारखा मिसळतोय? गॅपला हात लावण्याआधी हे बघा

‘सकाळी सेट करून दिलं होतं, दुपारी परत मिक्स यायला लागलं.’ रत्नागिरीकडच्या प्रोसेसिंग युनिटमधून कोल्हापूरला येणाऱ्या फोनवर हेच ऐकू येतं, म्हणजे कोळंबी आकाराने निवडणाऱ्या यंत्रातून (ग्रेडरमधून) मोठा आणि बारीक माल एकत्र पडतोय. आमच्या मिस्त्रींचा त्यावरचा प्रश्नही ठरलेला, ‘गॅप हलवलासा काय?’ पलीकडून उत्तर येतं, ‘हलवला, पण थोडासाच.’ हा ‘थोडासाच’ निस्तरण्यातच पहिला अर्धा दिवस जातो.

आंबा घाट उतरला की इथून सुमारे १३० किलोमीटरवर रत्नागिरी. समुद्र तिकडे आणि लेथ इकडे, अशी वाटणी जुनी आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथली शेडं साखर कारखान्यांची आणि डेअरीची कामं करत मोठी झाली, आणि त्यातल्याच काही जणांकडे कोळंबीचे ग्रेडर, एलिव्हेटर, धुण्याच्या टाक्या बनवायला किंवा दुरुस्तीला येतात. ही पोस्ट रोलर ग्रेडरवाल्यांसाठी आहे. म्हणजे शेजारी शेजारी फिरणारे स्टीलचे उतरते रोलर, मधली फट (म्हणजेच गॅप) वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी, बारीक कोळंबी आधी पडते आणि मोठी शेवटी. वजनाने निवडणाऱ्या यंत्रांबद्दल शेवटी थोडं आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

आधी आकडे बघू, म्हणजे गॅपचा स्क्रू अंदाजाने पिळणं का महागात पडतं ते कळेल.

एक्सपोर्टचा काउंट पौंडावर चालतो, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये किती नग. ३१/४० म्हणजे नग साधारण ११.३५ ते १४.६ ग्रॅमचा. ४१/५० म्हणजे ९.१ ते ११.१ ग्रॅमचा. अख्ख्या ४१/५० ची रुंदी दोन ग्रॅम. रोलरला मात्र ग्रॅम कळत नाहीत, त्याला फक्त जाडी कळते. आणि कोळंबीचं वजन ढोबळमानाने जाडीच्या घनाप्रमाणे वाढतं. समजा सीमेवरच्या नगाची जाडी १२ मि.मी. आहे. फट १२ ऐवजी १२.५ झाली, तर तिथून पडणाऱ्या नगाचं वजन १३ टक्क्यांनी वाढतं, ११.१ चं थेट १२.५ ग्रॅम. तो झाला ३६ काउंटचा माल, आणि तो ४१/५० च्या क्रेटमध्ये बसलेला. पैसे ४१/५० चेच मिळणार.

उलट बाजूनेही बघा. ३ मीटर लांबीच्या रोलरवर फट ८ पासून २२ मि.मी. पर्यंत जात असेल, तर अर्धा मिलिमीटर फरक पडायला रोलरवर जवळजवळ १०७ मि.मी. पुढे सरकावं लागतं. म्हणजे खालचा वाटप-पत्रा (पडलेला माल वेगवेगळ्या पन्हळींत, म्हणजे क्रेटकडे नेणाऱ्या घसरणींत, वळवणारा) चार बोटं सरकवणं आणि वरचा गॅप एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास बदलणं, परिणाम सारखाच. पत्रा सरकवला तर तो परत जागेवर आणता येतो. गॅपचा स्क्रू एकदा पिळला की मूळ जागा कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि एका चॅनेलचा (दोन रोलरमधल्या एका फटीचा) पिळला की शेजारच्या चॅनेलचाही बदलतो, कारण मधला रोलर दोघांचा सामाईक असतो. तरी ऑपरेटर पहिल्यांदा स्क्रूकडेच जातो. पाना खिशात असतो, दुसरं काय.

मिसळ कोणत्या बाजूने आहे?

‘मिक्स येतंय’ एवढ्यावर कुणीही काही सांगू शकत नाही. यंत्र नेहमीच्या वेगाने चालू असताना प्रत्येक पन्हळीखालून किलोभर माल काढा, नग मोजा. मग त्यातले सगळ्यात मोठे दहा टक्के आणि सगळ्यात बारीक दहा टक्के वेगळे काढून वजन करा, आणि मोठ्यांच्या वजनाला बारक्यांच्या वजनाने भागा. काटेकोर ४१/५० मध्ये हा भागाकार १.२२ च्या वर जाऊच शकत नाही, ३१/४० मध्ये १.२९ च्या वर नाही. प्रत्यक्षात किती सूट आहे ते खरेदीदाराच्या कागदावर असतं. पण आकडा वाढलाय एवढ्यावर थांबू नका, कोण घुसलंय ते बघा.

मोठ्या मालाच्या क्रेटमध्ये बारीक माल सापडतोय, तर बारक्याला पडायला संधीच मिळाली नाही, तो वरूनच वाहत गेला. दोष फीडमध्ये किंवा पाण्यात.

बारक्या मालाच्या क्रेटमध्ये मोठा माल सापडतोय, तर मोठ्याला फटीने आत ओढलं किंवा फट क्षणभर का होईना मोठी झाली. दोष फिरण्याच्या दिशेत, बेअरिंगमध्ये, बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), नाहीतर वाकलेल्या रोलरमध्ये.

सगळ्या पन्हळी एकाच बाजूला सारख्या सरकल्यात, म्हणजे प्रत्येक क्रेट थोडा थोडा जड आहे पण आतला माल एकसारखा आहे, तर मालच बदललाय. तिथे पत्रे सरकवा आणि कामाला लागा.

बारीक माल पुढे वाहून जातोय

इथे बहुतेक वेळा हॉपरजवळच उत्तर मिळतं. रोलरवर कोळंबीचा एकच थर हवा, आणि प्रत्येक नगाला फटीत आडवं पडायला जागा हवी. माल जास्त आला की खालची कोळंबी फट अडवते आणि वरची तिच्या पाठीवरून घसरत जाते. गंमत अशी की टनेज वाढवण्यासाठी एलिव्हेटरचा वेग वाढवला जातो, आणि मग मिसळलेला माल टेबलावर बायकांना पुन्हा हाताने निवडावा लागतो. त्या तासांचा हिशेब टनेजमध्ये कुणी धरत नाही.

बर्फ हा दुसरा शत्रू. फोडलेला बर्फ फीड टाकीतच राहिला पाहिजे. त्याचे खडे रोलरवर आले की फटीत बसतात, विरघळेपर्यंत मागच्या मालाला थोपवतात, मग अचानक सोडून देतात. टाकीत पाण्याची पातळी कमी असली की बर्फ आणि कोळंबी एकाच गठ्ठ्यात वर चढतात. पातळी वाढवा, ढवळणारं पाणी चालू आहे का बघा. हेड-ऑन (डोक्यासकट) मालात मिशा एकमेकींत अडकून चार-पाच नगांचा झुबका होतो, तोही टाकीतच सुटला पाहिजे. रोलरवर तो सुटत नाही.

मग पाणी. रोलरवर सतत फवारा हवा. कवच ओलं आणि बुळबुळीत राहिलं तरच कोळंबी सरकत सरकत योग्य जागी पोचते. कोरडा पट्टा पडला की ती तिथे चिकटते किंवा आडव्याची उभी होते. नोझल एक एक उघडून बघा. बोअरचं जड पाणी असेल तर आत पांढरा थर बसतो, फिरवलेलं पाणी वापरत असाल तर कवचाचे तुकडे आणि पाय अडकतात. सुई घालून भोक मोठं करू नका, फवाऱ्याचा पंखा मोडतो आणि नुसती धार येते. नोझल व्हिनेगरात भिजत ठेवा, किंवा नवीन टाका, स्वस्त असतात. पंपाच्या पुढे जाळीचा फिल्टर नसेल तर तो आधी बसवा.

उताराबद्दल एवढंच, की फ्रेमच्या पायांखाली कुणीतरी फळीचे तुकडे घातलेले असतात. ते का घातले हे आता कुणाला आठवत नाही. स्पिरिट लेव्हल लावून आडवी बाजू समपातळीत आणा, नाहीतर सगळा माल एका बाजूच्या चॅनेलवर धावतो आणि उरलेले रिकामे फिरतात.

मोठा माल बारक्यात पडतोय

या भागात जरा थांबावं लागेल, कारण परत परत येणारा दोष बहुतेक इथेच दडलेला असतो.

ग्रेडरमध्ये फटीच्या दोन्ही बाजूंचे रोलर एकमेकांपासून दूर, बाहेरच्या बाजूला फिरले पाहिजेत. म्हणजे वरून फटीत बघितलं तर दोन्ही पृष्ठभाग खालून वर येताना दिसले पाहिजेत. ते कोळंबीला सतत उचलत राहतात, फटीत कोंबत नाहीत. रोलर आत फिरले तर ते नगाला धरून खाली ओढतात. सोलायच्या यंत्रात नेमकं हेच करायचं असतं. अमेरिकेत लुइझियानामध्ये जे. एम. लापेर यांनी १९४० च्या दशकात बनवलेल्या सोलणी यंत्राचं तत्त्वच असं की रोलरच्या चिमटीत कवच ओढलं जातं आणि मांस वर राहतं. तुमचा ग्रेडर उलटा फिरला की तो अर्धवट सोलणी यंत्र होतो. मोठे नग बारक्यात पडतात, शेपट्या तुटतात, कवचं सैल होतात.

आता प्रश्न असा की आज बरोबर फिरणारं यंत्र उद्या उलटं कसं फिरेल? बघायची जागा, जनरेटर. थ्री-फेज मोटरची दिशा फेजच्या क्रमावर ठरते. लाईटचा क्रम आणि जनरेटरचा क्रम वेगळा असेल, तर चेंजओव्हर (लाईटवरून जनरेटरवर नेणारा स्विच) फिरवला की डायरेक्ट स्टार्टरवरच्या सगळ्या मोटरी उलट्या. एलिव्हेटरला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी, असेल तर तो सरळच चालतो, कारण ड्राइव्ह स्वतःचा क्रम नव्याने तयार करतो. म्हणून माल वर चढत राहतो आणि कुणाला शंका येत नाही. स्प्रेचा पंपही उलटा फिरतो, पण सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त दाब पडतो. म्हणजे दिसायला सगळं चालू आहे, फवारा जरा मंद आहे, आणि काउंट गेला. लाईट आली की यंत्र आपोआप शहाण्यासारखं वागतं. रत्नागिरीत पावसाळ्याच्या तोंडाला लाईटची ये-जा किती, हे सांगायला नको.

यावरचा नेहमीचा उपाय दोष कायमचा करून ठेवतो. जनरेटरवर चालू असताना कुणीतरी रोलरच्या मोटरवर दोन वायरी बदलतो. सरळ चालतं. लाईट येते, परत उलटं. परत बदलतो. मोटरच्या टर्मिनलचे नट झिजलेले दिसले की समजावं, हा खेळ बरेच दिवस चाललाय. दुरुस्ती मोटरवर करायचीच नाही. फेज सिक्वेन्स मीटरने लाईटचा आणि जनरेटरचा क्रम तपासा, आणि वेगळा असेल तर चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला, जनरेटर बंद ठेवून, कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. काम परवानाधारक वायरमनकडूनच. वर एक फेज सिक्वेन्स रिले बसवा, क्रम चुकला तर मोटर चालूच होणार नाही. आणि रोलरच्या टोकाला रंगाने बाण काढून ठेवा. ऑपरेटरला मीटर वाचता येत नसेल, बाण वाचता येतो.

दिशा बरोबर असेल तर रोलर हाताने हलवून बघा, यंत्राचं मेन स्विच काढून, त्याला कुलूप लावून. टोकाला खडखड आहे? मग बुश गेला. इथे डेअरीच्या आणि उसाच्या कामाची आमची सवय नडते. टर्नर हाताशी असलेला नायलॉनचा दांडा घेतो आणि बुश वळतो. मोजमाप तंतोतंत असतं, वळतानाही सुरेख वळतो. पण नायलॉन ६ पाणी पितो, पूर्ण भिजल्यावर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि फुगतो. हे एका दिवसात होत नाही, काही आठवडे लागतात. मग शाफ्ट घट्ट होतो, बेल्ट घसरतो, रोलर अडखळत फिरतो. कुणीतरी बुश रीमरने मोठा करतो. पुढे यंत्र बंद राहून बुश वाळला की आतलं भोक ढिलं, आणि फट हलायला लागते. ॲसिटाल किंवा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिनचा बुश घ्या. दोन्ही लेथवर वळतात आणि पाणी जवळजवळ पीत नाहीत.

वाकलेला रोलर ओळखायला डायल गेज लागतो. रोलरच्या मध्यावर गेज टेकवून सावकाश एक फेरा द्या. समजा सुई ०.३ मि.मी. हलली, आणि शेजारच्या रोलरचंही तेवढंच आहे. दोघांचे उंचवटे नेमके उलट्या बाजूला आले की फट सरासरीपेक्षा ०.३ ने जास्त उघडते, आणि कोळंबी त्याच क्षणी पडते. यंत्र थांबवून फिलर (फट मोजायच्या पट्ट्या) लावलात तर माप बरोबर येईल आणि माल तरी चुकीचाच पडेल. रोलर का वाकतो? धुताना त्यावर पाय ठेवून उभं राहिल्याने. कडेने पायठाणी बनवून द्या, बोलून कुणी ऐकत नाही.

खालच्या टोकाच्या शाफ्टभोवती मिशा, जाळ्याचा नायलॉन दोरा, पोत्याचे धागे गुंडाळलेले असतात. बेअरिंगच्या सीलमध्ये ते घुसले की खारं पाणी मागोमाग जातं. रोजच्या धुण्यात हे कापून काढायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

एक समज मोडून टाकतो. ‘गार पाण्याने स्टील आकसतं, म्हणून गॅप बदलतो.’ दोन आधारांमध्ये १५० मि.मी. अंतर आणि तापमानात २५ अंशांचा फरक धरला तरी ३०४ स्टीलचा बदल ०.०६५ मि.मी. येतो. याने काउंट हलत नाही. असं कारण कुणी दिलं तर त्याने बेअरिंग बघितलेलं नाही.

दोष यंत्रात नाही, मालात आहे

भारतात व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून एका तळ्याचा, एका वयाचा, एकाच जातीचा माल यंत्रावर यायला लागला. अशा लॉटवर सेट केलेला ग्रेडर समुद्राच्या मालावर गडबडणारच. ट्रॉलरच्या एका क्रेटमध्ये दोन-तीन जाती असतात. एक जाड आणि आखूड, दुसरी सडपातळ आणि लांब. जाडी सारखी असून वजन वेगळं. रोलर दोघींना एकाच पन्हळीत टाकणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. जाती आधी टेबलावर वेगळ्या करा, मग यंत्रावर घाला. हे काम सध्या तरी हाताचंच आहे.

नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी फटीत दबते आणि तिच्या मापाच्या आधीच पडते. हेड-ऑन मालात सगळ्यात जाड भाग डोक्याच्या कवचाचा, हेडलेसमध्ये शेपटीकडच्या पहिल्या खंडांचा. म्हणजे दोन्हींसाठी पत्र्यांच्या जागा वेगळ्या. फ्रेमवर दोन रंगांच्या खुणा करून ठेवल्या की वाद मिटतो.

तरीही गॅपच बदलायचा असेल

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींची मासेमारी पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, बंद असते. हे काम तेव्हा काढा, चालू सीझनमध्ये रात्री दहाला नको.

व्हर्नियर फटीत तिरका बसतो, त्यावर विसंबू नका. कुठल्याही टर्नरकडून स्टीलच्या गोल पिना वळून घ्या, ८ मि.मी. पासून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वर, प्रत्येकीवर आकडा कोरून. कोल्हापुरात हे दुपारभराचं काम आहे. प्रत्येक चॅनेलला वरचं टोक, मध्य आणि खालचं टोक अशा तीन जागी, रोलर हाताने फिरवत पीन लावायची. फटीतून जेमतेम पडणारी पीन ते तुमचं खरं माप. एका कडेच्या चॅनेलपासून सुरू करून क्रमाने दुसऱ्या कडेला जा. मधूनच सुरू केलंत तर सामाईक रोलर तुम्हाला गोल गोल फिरवतील. शेवटी चेकनट घट्ट, त्यावर रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की कुणीतरी पाना लावलाय.

बोल्ट आणि स्क्रू बदलताना ३१६ स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या आणि क्लोरीनच्या खड्ड्यांना तोंड देतं. ३०४ दुधाला चालतं, इथे त्याच्या आट्यांत गंज बसतो आणि पुढच्या वेळी स्क्रू फिरतच नाही. मग कुणीतरी हातोडी घेतो.

वजनाने निवडणारी यंत्रं घ्यावीत का, असं विचारणारे बरेच आहेत. जाती मिसळलेल्या मालासाठी आणि भागाकार अगदी घट्ट मागणाऱ्या खरेदीदारासाठी हो. पण तिथला नेहमीचा आजार वेगळा असतो. गार यंत्रावर गरम पाण्याचा फवारा मारला की लोड सेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) जंक्शन बॉक्समध्ये दव धरतं आणि शून्य सरकत राहतं. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग, जोरदार गरम फवाऱ्याची हमी नव्हे. त्यासाठी आयपी ६९के लागतं. ऑर्डर देताना हे कागदावर लिहून घ्या, आणि धुण्याच्या गनचा दाब किती आहे तेही त्यांना कळवा.

अडकलात तर खाली लिहा, पण सोबत एवढं द्या: कोणत्या क्रेटमध्ये कोण घुसलंय, दोन्ही टोकांचे दहा टक्क्यांचे वजन, दोष लाईटवर येतो की जनरेटरवर, माल तळ्याचा की समुद्राचा, आणि रोलर फिरतानाचा वरून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ. नुसता क्रेटचा फोटो पाठवू नका, त्यावरून सांगता येत नाही.